नट पाड्यावर येण्याआधी त्याला कुठे न्यायचं

प्रश्न असा आला आहे: "अक्कलकुवा तालुक्यात आमची लहान संस्था आहे. सात वर्षं कुपोषणावर काम करतोय. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेमार्फत एक नामांकित अभिनेता आमच्या पाड्यांवर येऊन व्हिडिओ करायला तयार झालाय. परदेशातल्या परिषदांमध्येही तो मुलांच्या भुकेवर बोलतो. आमच्यात दोन तट पडलेत. अशा लोकांचा खरंच काही उपयोग होतो का? बोलवावं की नको?"

भाऊ, बोलवा. फक्त पाड्यावर नेण्याआधी त्याला नंदुरबारला न्या, साहेबांच्या टेबलासमोर बसवा, आणि हातात एकच कागद द्या. त्या कागदावर काय असावं ते पुढे सांगते. आधी मी हे कशाच्या जोरावर बोलतेय ते सांगायला हवं.

मी शहाद्याकडची. पोषणाच्या कामात सव्वीस वर्षं झाली. त्यातली मधली नऊ वर्षं मोठ्या संस्थांसाठी पाहुण्यांच्या भेटी ठरवण्यात गेली. पाहुणे कुठे उतरणार, कोणत्या पाड्यावर जाणार, कोणत्या आईशी बोलणार, हे सगळं मी बघायची. नट आले, खेळाडू आले, परदेशी पाहुणे आले. त्यातला एक दिवस माझ्या मनातून जात नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. धडगावच्या पलीकडचा पाडा. मुलगा दीड वर्षाचा, दंडघेर ११ सेंटिमीटरच्या आसपास. साडेअकराच्या खाली गेलं की मूल तीव्र कुपोषित धरतात, हे तुम्हाला सांगायला नको. शहरातून पाहुणे येणार म्हणून आईने त्याला सकाळीच अंघोळ घातली होती. केसांना तेल, डोळ्यांत काजळ आणि अंगात बाजारातून आणलेला नवा पिवळा सदरा. सदऱ्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. कॅमेऱ्यामागचा मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, सदरा काढायला सांगा ना. बरगड्या दिसत नाहीयेत." आणि मी सांगितलं. तिच्या बोलीत तिला कळेल असं सांगणारी तिथे मीच होते. तिने काही विचारलं नाही. सदरा काढला, नीट घडी घातली आणि चित्रीकरण संपेपर्यंत काखेत धरून उभी राहिली.

नट भला माणूस होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते खरं होतं. व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला, देणग्याही आल्या. पाड्याच्या वाट्याला एक सौरदिवा आला. नर्सबाईंची जागा रिकामी होती ती रिकामीच राहिली. आमच्यासोबतच्या पर्यवेक्षिकाबाई शिंदखेड्याकडच्या. परतताना त्या जीपमध्ये म्हणाल्या, "त्या तं निंघी गयात, आते काय करानं?" तुमच्या प्रश्नाचं मूळ मला याच वाक्यात दिसतं. पाहुणे गेल्यावर करायचं काय, हे ते येण्याआधी ठरलेलं असेल तर बोलवा.

आता जगातलं पाहू. प्रसिद्ध माणसाने मुलांच्या भुकेवर बोलण्याची रीत सत्तर वर्षांची आहे. १९५४ साली युनिसेफने डॅनी के या अमेरिकी विनोदी नटाला पहिला सदिच्छादूत केलं. पुढे हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न आली. १९८८ साली ती इथिओपियाला गेली आणि १९९२ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, सोमालियाला. तिच्या बोलण्याला वजन होतं त्याचं एक कारण असं, की दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यातल्या हॉलंडमध्ये ती स्वतः उपाशी राहिलेली मुलगी होती आणि युद्धानंतर आलेल्या मदतीवर सावरली होती. मदत घेणाऱ्याच्या बाजूने कसं वाटतं हे तिला ठाऊक होतं. असा माणूस कॅमेऱ्यासमोर वेगळा वागतो. सदरा काढायला सांगत नाही.

पण जनजागृती होते म्हणून या लोकांना बोलवायचं, हे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये डॅन ब्रॉकिंग्टन आणि स्पेन्सर हेन्सन या अभ्यासकांनी २०१४ साली यावर संशोधन मांडलं. लोकांना मोठ्या मदतसंस्थांची नावं चांगली माहीत होती, पण कोणता तारा कोणत्या संस्थेसाठी बोलतो हे फार थोड्यांना सांगता आलं. प्रसिद्ध चेहऱ्यामुळे सामान्य माणूस एखाद्या प्रश्नाशी जोडला जातो, हा आपला समज बराचसा पोकळ निघतो. त्यांच्याच अभ्यासात दुसरी बाजूही पुढे येते. या चेहऱ्यांचा खरा प्रभाव मंत्री, अधिकारी, उद्योगपती, संपादक यांच्यावर पडतो. जिथे आपला अर्ज महिनोन्महिने पडून राहतो, तिथे त्यांना भेटीची वेळ मिळते. माझा अनुभव अगदी हाच आहे.

बोनो या आयरिश गायकाचं उदाहरण घ्या. गरीब देशांची कर्जं माफ करा, ही 'ज्युबिली २०००' मोहिमेची मागणी चर्च, कामगार संघटना आणि अर्थतज्ज्ञ यांनी आधीच उभी केली होती. बोनो ती घेऊन अमेरिकेच्या राजधानीत कट्टर परंपरावादी सिनेटर जेसी हेल्म्स यांच्यासारख्यांच्या दारात गेला. आकडे पाठ करून गेला. पुढे २००५ साली स्कॉटलंडमध्ये ग्लेनइगल्सला जी-८, म्हणजे आठ बड्या देशांच्या, बैठकीत १८ देशांची सुमारे ४० अब्ज डॉलरची कर्जं रद्द करायचं ठरलं. त्याच बैठकीत २०१० पर्यंत आफ्रिकेची वार्षिक मदत २५ अब्ज डॉलरने वाढवण्याचं वचनही दिलं गेलं, आणि ते पुरं झालं नाही. कर्जमाफी ही एकदा सही करून संपणारी गोष्ट होती. मदतवाढीला दरवर्षी पाठपुरावा लागतो, आणि त्या बैठकीच्या तोंडावर भरला तसा गाण्याचा जलसा दरवर्षी भरवता येत नाही.

राजकन्या डायना जानेवारी १९९७ मध्ये अंगोलात हुआंबो इथे सुरुंग पेरलेल्या भागातून चालली. त्या वर्षीच्या डिसेंबरात ओटावा इथे १२२ देशांनी भूसुरुंगबंदीच्या करारावर सह्या केल्या. करार डायनामुळे झाला असं म्हणणं चूक. १९९२ पासून जोडी विल्यम्स आणि इतरांची मोहीम चालू होती आणि १९९७ चं शांततेचं नोबेल त्यांनाच मिळालं. डायनाने एवढंच केलं, की तयार असलेल्या मोहिमेवर सगळ्या जगाची नजर आणून टेकवली. मागणी एका वाक्याची होती: सुरुंग बंद करा. एका वाक्याची मागणी असली की प्रसिद्ध माणूस कामाचा ठरतो, कारण पत्रकाराने कितीही आडवंतिडवं विचारलं तरी तो त्या वाक्यावर परत येऊ शकतो.

आपल्याकडचं सगळ्यांत मोठं उदाहरण पोलिओचं, आणि ते मी आतून पाहिलं आहे. अमिताभ बच्चन यांचं 'दो बूंद ज़िंदगी की' सगळ्यांना आठवतं. रागावलेले बच्चन, डोस का पाजला नाही म्हणून दरडावणारे, तेही आठवतात. पण बच्चन टीव्हीवर बोलत होते तेव्हा त्यांच्यामागे काय उभं होतं ते पाहा. देशव्यापी फेरीला सुमारे २३ लाख लस पाजणारे. थंडपेटी खांद्याला लावून घरोघरी जाणाऱ्या बाया. रविवारी बूथ, सोमवारपासून गृहभेटी. डाव्या करंगळीवर शाईची खूण, दारावर खडूने 'पी' किंवा 'एक्स'. 'एक्स' म्हणजे या घरात मूल राहिलंय, परत यायचं. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये युनिसेफने गल्लीतल्याच बायकांचं जाळं उभं केलं होतं, नकार देणाऱ्या घरात मौलवींना सोबत घेऊन जाणारं. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. बच्चन यांनी दार थोडं किलकिलं केलं, आत पाऊल टाकलं ते त्या बाईने. मी स्वतः थंडपेटी घेऊन फिरले आहे. एखादी सासू आडवी आली की मी म्हणायची, "बच्चन सांगतो ना रोज टीव्हीवर!" ती हसायची, आणि तेवढ्या हसण्यात डोस पाजून व्हायचा. तेवढाच त्यांचा उपयोग होता आणि तो फार मोलाचा होता. आमच्यापैकी कुणीच त्या दारात गेलं नसतं तर मात्र ती जाहिरात हवेत विरली असती. तुमच्याकडे सात वर्षांचं काम आहे म्हणजे थंडपेटीवाली बाई आहे. म्हणून मी बोलवा म्हणते.

नुकसानही होतं, आणि ते लपवून ठेवणं बरं नाही.

१९८४ च्या ऑक्टोबरात इथिओपियातल्या कोरेम इथली दृश्यं बीबीसीवर दिसली आणि जग हललं. त्यातून बॉब गेल्डॉफ या आयरिश गायकाने १३ जुलै १९८५ चा 'लाइव्ह एड' हा मदतीसाठीचा जलसा उभा केला, लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी. पैसा आला, अन्न पोहोचलं, जीव वाचले. हे नाकारणारी मी नाही. पण त्या भुकेमागे पावसाइतकंच यादवी युद्ध होतं. तिथलं लष्करी सरकार लोकांना जबरदस्तीने उचलून दुसरीकडे नेऊन टाकत होतं. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या फ्रेंच शाखेने हे उघड बोलून दाखवलं तेव्हा त्यांना १९८५ च्या अखेरीस देशाबाहेर काढलं. गाण्यात आणि पडद्यावर मात्र भूक आभाळातून पडल्यासारखी दिसत राहिली. आपल्या सातपुड्यातही हेच होतं. व्हिडिओत रडणारं मूल दिसतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं कुटुंब दिसत नाही, रिकामी पदं दिसत नाहीत, गरोदर बाईला झोळीत घालून डोंगर उतरणारे चार जण दिसले तरी रस्ता का नाही हे कुणी विचारत नाही.

ब्रिटनच्या 'कॉमिक रिलीफ' या देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेने अशीच चूक उशिरा का होईना मान्य केली. २०१९ साली एका टीव्ही निवेदिकेचा युगांडातल्या मुलाला कडेवर घेतलेला फोटो आला. खासदार डेव्हिड लॅमी यांनी त्यावर कडक टीका केली. २०२० मध्ये संस्थेने जाहीर केलं, की यापुढे ताऱ्यांना आफ्रिकेत पाठवून चित्रफिती करणार नाही, तिथल्याच चित्रपटकारांना काम देणार. तुमच्या मुंबईवाल्या संस्थेला हे जरूर सांगा. शहाद्यात, धडगावात कॅमेरा चालवणारी आपली आदिवासी पोरं आहेत. त्यांना घ्या म्हणावं.

युगांडातला बंडखोर म्होरक्या जोसेफ कोनी याच्यावरचा, मार्च २०१२ मधला 'कोनी २०१२' हा व्हिडिओ सहा दिवसांत दहा कोटी वेळा पाहिला गेला. ताऱ्यांनी तो भराभर पुढे पाठवला. युगांडात लिरा या गावी तो पडद्यावर दाखवला तेव्हा ज्यांनी त्या युद्धात माणसं गमावली होती ते लोक इतके संतापले, की दगडफेक झाली. ज्यांची गोष्ट होती त्यांना ती आधी दाखवलीच नव्हती. म्हणून माझा एक नियम झालाय: व्हिडिओ पहिल्यांदा पाड्यावर दाखवायचा, भिंतीवर चादर लावून. आई नको म्हणाली तर तो तुकडा काढायचा.

आपल्या नर्मदाकाठचंही आठवा. सरदार सरोवराच्या बुडितात आपली अक्कलकुवा आणि धडगावची ३३ गावं आली, मणिबेली त्यात सगळ्यांत आधी. एप्रिल २००६ मध्ये आमिर खान दिल्लीत विस्थापितांच्या धरण्यावर जाऊन बसला. आधी पुनर्वसन करा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्याने किंमतही मोजली. त्याचा 'फना' गुजरातच्या बहुतेक चित्रपटगृहांत लागू शकला नाही. मला त्याच्या धैर्याचा आदर आहे. पण त्यानंतरचे कितीतरी दिवस वर्तमानपत्रात सिनेमा होता, मणिबेली नव्हती. उलट बाजूने पाहा. १९८९ साली मेधा पाटकर अमेरिकेत तिथल्या संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेल्या तेव्हा त्यांच्यामागे सिनेमाचं वलय नव्हतं. खोऱ्यातल्या घराघराची माहिती होती. धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. १९९२ च्या जूनमध्ये तिचा अहवाल आला आणि मार्च १९९३ मध्ये ४५ कोटी डॉलरच्या कर्जाचा उरलेला भाग थांबला. धरण थांबलं नाही, हेही खरं. पण वॉशिंग्टनमध्ये काय ऐकलं जातं ते यातून कळतं. उसनी प्रसिद्धी बातमी आणते. कामातून आलेली ओळख प्रश्न विचारल्यावर उत्तर देऊ शकते.

म्हणून तुमच्या अभिनेत्याच्या शेजारी तुमच्यातलं कुणीतरी बसलेलं हवं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या चैत्राम पवारांनी जंगल राखून दाखवलं आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बोलायला माणसं आपल्याकडे आहेत, त्यांना खुर्ची मिळत नाही. नटाने ती मिळवून द्यावी.

एकदा हे नीट जमलेलंही मी पाहिलंय. सदऱ्याच्या त्या दिवसानंतर चारेक वर्षांनी एक अभिनेत्री आली. येण्याआधी तिने कागद मागवून वाचले होते. अर्धा दिवस अंगणवाडीत सेविकेजवळ बसून दंडघेराची पट्टी लावायला शिकली. एकही फोटो काढू दिला नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात मुलाला दाखल करायला आया का तयार होत नाहीत, हे तिने सेविकेला विचारलं. सेविका म्हणाली, चौदा दिवस राहायचं तर घरची बाकीची पोरं कोण बघणार, आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे सरकार देतं पण ते महिनोन्महिने येत नाहीत. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी बैठक होती. अभिनेत्रीने तिथे एवढा एकच प्रश्न विचारला: हे पैसे कधीपर्यंत मिळतील? तारीख सांगा, मी त्या दिवशी फोन करेन. सेविका तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली होती, गावांची यादी घेऊन. तीन आठवड्यांत थकलेले पैसे आले. आम्ही तेच पैसे दीड वर्ष मागत होतो. त्या भेटीचा व्हिडिओ कुठेच नाही.

तुमच्या कागदावर असंच काहीतरी हवं. रिकामं पद, थकलेलं मानधन, पावसाळ्यात तुटणारा एक रस्ता. एकच निवडा. 'कुपोषण हटवा' लिहू नका. त्याला कुणी नाही म्हणत नाही आणि त्यावर कुणाची सहीही होत नाही. जो अधिकारी सही करू शकतो त्याच्याच अधिकारातलं मागा. मंत्रालयातली गोष्ट असेल तर नंदुरबारला वेळ घालवू नका, नटाला मुंबईतच भेट मागायला सांगा. त्याला ते तुमच्यापेक्षा सोपं आहे.

पैशाचंही आधी बोलून घ्या. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. तिकिटांचे सुमारे २,४३,००० डॉलर युनिसेफकडे गेले. पण ध्वनिमुद्रिकेचा पैसा अमेरिकी करखात्यात वर्षानुवर्षं अडकला, कारण धर्मादाय नोंदीची व्यवस्था आधी केलेली नव्हती. आपल्याकडे हे जास्तच कडक आहे. अभिनेत्याचे परदेशातले चाहते पैसे पाठवतो म्हणाले तर विदेशी अंशदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, तुमची स्वतःची नोंदणी लागेल. २०२० च्या दुरुस्तीनंतर मुंबईची मोठी संस्था तिच्याकडे आलेला परकीय पैसा तुमच्याकडे वळवू शकत नाही. तुमच्या पाड्याच्या नावाने आलेला पैसा कायद्यानेच तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, असं होऊ शकतं. हे त्यांना लेखी विचारा. देशातला पैसा असेल तर किती टक्के इथे खर्च होणार हेही लेखी घ्या. संकोच करू नका. तुमच्या मुलांच्या चेहऱ्यावर तो पैसा उभा राहणार आहे.

चेहऱ्यावरून आठवलं. आजारी मुलाला कॅमेऱ्यासमोर आणूच नका. बरं झालेलं मूल दाखवा, तेही आईने तिच्या बोलीत होकार दिला तर. होकार पाहुण्यांसमोर घ्यायचा नाही. आदल्या दिवशी, सेविकेने, चुलीजवळ बसून घ्यायचा. सगळा पाडा जमला असताना बाई नाही म्हणू शकत नाही. आणि आईने नवा सदरा घातला असेल तर तो अंगावरच राहील, हे कॅमेरावाल्यांना गाडीतून उतरण्याआधी सांगून ठेवा.

आता तारखेचं. मुंबईची मंडळी हमखास डिसेंबर-जानेवारी मागतात, हवा चांगली असते म्हणून. त्या दिवसांत तुमचे निम्मे पाडे कुलूपबंद असतील, माणसं गुजरातेत फडावर असतील आणि ज्यांचं मूल सर्वांत अशक्त आहे तीच घरं तिथे सापडणार नाहीत. माणसं होळीला परततात. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आणि काठी गावची होळी होऊन गेली, की पुढच्या आठवड्यात सेविकांना वजनं आणि दंडघेर घ्यायला लावा, यादी तयार करा, आणि त्यानंतरची बैठकीची तारीख त्यांना कळवा. ती नाही जमली तर सप्टेंबरपर्यंत थांबा म्हणावं. तेवढं थांबायला ते तयार आहेत की नाहीत, यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल. यादी झाली की मला पाठवा. कोणती एक मागणी निवडायची ते आपण फोनवर बोलू.